दाई लोकांचा जोडीचा मोरनाच मुलांना शिकवतेय, अनुभव आणि सल्ले हवेत

चैत्रपालवी:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही गेली चार वर्षं चीनमधे कुनमिंगला राहतो. युन्नान प्रांताची राजधानी, उंची जवळजवळ १९०० मीटर, त्यामुळे हवा बारा महिने छान. इथल्या एका शाळेत मी आठवी-नववीच्या मुलांना नाच शिकवते. मी मूळची कथकवाली, पण इथे आल्यावर इथले नाच बघत गेले आणि दाई लोकांच्या नाचात अडकले ते अडकलेच. दाई म्हणजे युन्नानच्या दक्षिणेला शीश्वांगबान्नात आणि पश्चिमेला म्यानमारच्या सीमेवर देहोंगमधे राहणारे लोक. थाई, लाओ, शान यांचे भाऊबंद, थेरवादी बौद्ध, घरं पाण्याकाठी, भात चिकट तांदळाचा. ते स्वतःला ताई म्हणतात, आपल्या कानाला ते किती घरचं वाटतं!

एप्रिलच्या मध्याला त्यांचं नवीन वर्ष येतं, एकमेकांवर पाणी उडवायचा सण. त्यासाठी शाळेत २८ मुलांकडून दोघादोघांचा मोरनाच करून घ्यायचा आहे. आठवड्यातून एकदा देहोंगमधल्या रुइलीच्या एक दाई बाई येतात शिकवायला, आम्ही सगळे त्यांना लाओशी म्हणतो म्हणजे बाई, बाकीचे दिवस मी प्रॅक्टिस घेते.

आता अडचण. मुलांनी आधीच मोबाईलवर व्हिडिओ बघून हात पाठ केलेत. अंगठा आणि तर्जनी जुळवायची, उरलेली तीन बोटं पंख्यासारखी फाकवायची, झाला मोर. फोटोत सुंदर दिसतं. नाचायला लागले की मात्र खांबाला मोराची डोकी लावल्यासारखं दिसतं, कारण खालचं शरीर गप्प असतं. लाओशी पहिल्या दिवशी बघून गेल्या आणि एवढंच म्हणाल्या की हात नंतर बघू, गुडघे कुठे आहेत?

या नाचाचा पाया गुडघ्यात आहे. जड मात्रेला गुडघे वाकतात, हलक्या मात्रेला सरळ होतात आणि हे कधी थांबतच नाही, उभं राहिलात तरी आत चालूच. पावलाचं गणित आणखी वेगळं, पोटरी मागे झटकन उचलायची आणि पाऊल मात्र पाण्यात ठेवल्यासारखं सावकाश टेकायचं. त्यात उजवा पाय पुढे तर हातही उजवाच! मुलांना पीटीत उलटसुलट हातपाय घोटून घेतलेत, ते सोडवता सोडवता माझाच घसा बसला.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न जोडीचा. दोघं एकमेकांभोवती फिरतात, पाठीला पाठ लावतात, एक वर तर एक खाली, दोघं मिळून पाणी पितात. हात धरायचे नसतात, सगळं अंतरावर आणि नजरेवर. १४ वर्षांची मुलं नजरेला नजर द्यायला तयार नाहीत. एकतर हसतात नाहीतर जमिनीकडे बघतात. मुलगे ११, मुली १७.

कुणी लहान मुलांना जोडीचा कुठलाही नाच शिकवलाय का? तुम्ही सुरुवात कुठून करता?

मोगरा_७७:
मस्त विषय. शिकवण्यातलं काही कळत नाही पण वाचतेय, सगळं लिहा.

थैयाथै:
चैत्रपालवी, मी पुण्यात भरतनाट्यम शिकवते, बावीस वर्षं झाली. तुम्ही लिहिलेल्या हस्ताबद्दल आधी सांगते कारण मला फार गंमत वाटली. आपल्याकडे मयूर हस्त असतो त्यात अनामिका अंगठ्याला टेकते. तुम्ही सांगताय तो अंगठा-तर्जनी जुळलेला आणि तीन बोटं पसरलेला हात म्हणजे आपल्या हिशोबाने हंसास्य. आपला हंस तो त्यांचा मोर. तुमच्या वर्गात कुणी भरतनाट्यमवाली मूल असेल तर ती हमखास अनामिका वाकवणार, लक्ष ठेवा.

दुसरं म्हणजे गुडघे. आमची मुलं अरैमंडीत म्हणजे अर्ध्या बैठकीत बसतात तेव्हा डोक्याची उंची बदलता कामा नये, खाली बसलात की तिथेच राहायचं. तुमच्या नाचात उलट, डोक्याची रेघ सतत वरखाली होणार. म्हणजे आमच्यासारख्या शिस्तीत वाढलेल्या मुलीला हे शिकवणं जास्त कठीण, कारण शरीर "हलू नको" म्हणत राहतं. अशांना आधी भिंतीला पाठ लावून उभं करा आणि पाठ भिंतीवर घासत वरखाली होऊ द्या. त्यांना कळतं की उठबस कमरेतून नाही, गुडघ्यातून आहे.

आणि शरीराचे वळसे? ओडिसीच्या त्रिभंगासारखं काही आहे का यात?

चैत्रपालवी:
थैयाथै, आहे ना! त्याला चिनीत सान दाव वान म्हणतात, तीन वळणं. अंगात डोकं, धड, कंबर अशी तीन. शिवाय हातात वेगळी तीन म्हणजे बोटं-मनगट-कोपर आणि पायात वेगळी तीन, घोटा-गुडघा-मांडीचा सांधा. त्रिभंग उभा राहिला की मूर्ती होते, हे मात्र चालतं फिरतं, एका वळणातून दुसऱ्यात जाताना मधली वाट दिसली पाहिजे. लाओशी म्हणतात की मुलं पोझवरून पोझवर उडी मारतात, मधलं पाणी सांडतं.

हंसास्याचं तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्गात एक तमिळ मुलगी आहे, ती बरोब्बर अनामिकाच वाकवत होती आणि मी तिला तीन वेळा ओरडले. उद्या तिची माफी मागते.

भिंतीची युक्ती उद्याच करून बघते.

फिजिओ_नाशिक:
थोडं काळजीपोटी लिहितो. तेरा-चौदा हे झपाट्याने उंची वाढायचं वय. या वयात नडगीच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो उंचवटा असतो तिथे दुखणं कॉमन आहे, कारण मांडीचा मोठा स्नायू तिथे सतत ओढ देतो. सतत गुडघे वाकवायच्या नाचात हे वाढू शकतं. मुलं दुखतंय म्हणून सांगत नाहीत, नाचातून हळूच एक पाय कमी वापरायला लागतात, ते बघा. सुरुवातीला उठबस एका वेळी आठ-दहा मिनिटांच्या वर नको, मधे बसवा. फरशी असेल तर खाली मॅट किंवा लाकडी फ्लोअर. गुडघा वाकताना पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जातोय ना, आत पडत नाहीये ना, हे प्रत्येकाचं तपासा. मुलींचा जास्त आत पडतो. उंचवट्यावर सूज दिसली किंवा हात लावल्यावर कळ आली तर त्या मुलाला चार दिवस फक्त हातांचं काम द्या.

चैत्रपालवी:
फिजिओ, मनापासून आभार. एक मुलगा खरंच डावा पाय चोरतोय, मला वाटत होतं कंटाळा करतोय. उद्या विचारते.

दाई बायकांचा वेष म्हणजे घोट्यापर्यंत घट्ट नळीसारखा स्कर्ट, त्यामुळे मुलींचे गुडघे जवळजवळ ठेवूनच चालतात. मुलग्यांची पावलं त्यामानाने मोकळी. गुडघा आत पडतोय की स्टाईल म्हणून जवळ आहे यातला फरक मला अजून नीट ओळखता येत नाही, त्यावर काही सांगाल?

फिजिओ_नाशिक:
दोन्ही मांड्या समांतर जवळ असतील तर ठीक. पावलं पुढे बघतायत आणि गुडघे एकमेकांकडे वळलेत तर चूक. समोरून मोबाईलवर रेकॉर्ड करा, स्लो करून बघा, लगेच दिसतं.

धुमाळी:
मी पखवाज वाजवतो, नाचातलं कळत नाही पण तुमचा नाच कशावर चालतो ते सांगा. गाण्यावर की तालवाद्यावर? कारण तुम्ही जे जड मात्रेला खाली, हलक्या मात्रेला वर म्हणताय ते मुलांना स्पीकरमधल्या गाण्यावर कधीच सापडणार नाही. गाण्यात सूर पुढे असतो, ठेका मागे. मुलं सुरावर तरंगतात.

चैत्रपालवी:
धुमाळी, अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आम्ही इतके दिवस हुलुसीच्या रेकॉर्डिंगवर प्रॅक्टिस करत होतो. हुलुसी म्हणजे भोपळ्याला बांबूच्या नळ्या लावलेलं वाद्य, एक सूर सतत धरलेला आणि वर धून, ऐकायला फार गोड. आणि गोड आहे म्हणूनच मुलं तरंगतात.

गावात हा नाच मूळ ढोलावर चालतो. हत्तीच्या पायासारखा दिसतो म्हणून त्याला हत्तीपायाचा ढोल म्हणतात, वर एकाच तोंडाला कातडं, खाली निमुळता होत परत रुंद होणारा लाकडी पाय. पट्ट्याने खांद्याला अडकवून वाजवतात, वाजवणाराही नाचतो. सोबत पितळी घंगाळासारखी घंटा, म्हणजे गाँग, आणि झांजा. बस्स, तीनच वाद्यं. आणि तुम्हाला आवडेल असं सांगते, ढोलाचा सूर बसवायला कातड्याच्या मधोमध शिजवलेल्या चिकट भाताचा गोळा थापतात. लाओशी भात घेऊन आल्या तेव्हा मुलांना वाटलं डबा आणलाय.

धुमाळी:
अहो, आमच्या पखवाजाला धुम्यावर म्हणजे डाव्या तोंडावर कणीक लावतात, तेच झालं की! कमी-जास्त करून आवाज खाली-वर करायचा आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. आम्ही गव्हाचे म्हणून कणीक, ते भाताचे म्हणून भात. फार बरं वाटलं वाचून.

मग माझा सल्ला सरळ आहे. हुलुसी बंद करा. पंधरा दिवस नुसता ढोल. तोसुद्धा आधी मुलांनी मांडीवर हाताने वाजवायचा, बसून. हातात ठेका बसला की मग उभं राहायचं. आणि लय तुम्हाला हवी त्याच्या निम्मी ठेवा. विलंबितात गुडघा लपवता येत नाही.

सरळसोट:
एक शंका, राग मानू नका. पारंपरिक म्हणताय पण माझ्या माहितीप्रमाणे मोरनाचाचं आजचं जे रूप आहे, झुळझुळीत स्कर्ट, बाईचा नाच, ते स्टेजवर घडलेलं आहे. मग मुलांना परंपरा म्हणून नक्की काय शिकवताय?

चैत्रपालवी:
सरळसोट, राग कशाला, हाच प्रश्न मी लाओशींना विचारला होता. थोडं सविस्तर लिहिते.

जुना मोरनाच पुरुषांचा. देवळाच्या जत्रेत, सणाला, पुरुष नाचायचे आणि तेही तोंडावर मुखवटा, डोक्यावर पॅगोड्यासारखा टोकदार मुकुट, अंगावर बांबूच्या सांगाड्याचे पंख आणि शेपूट बांधून. एकट्याचा, दोघांचा, तिघांचा असे प्रकार होते. मोर घरट्यातून बाहेर येतो, इकडेतिकडे बघतो, पाणी शोधतो, पितो, आंघोळ करतो, पाणी झटकतो, पंख वाळवतो, पसरतो, उडतो. हा क्रम ठरलेला. सांगाड्यामुळे हात फार करता यायचे नाहीत, म्हणून सगळा जीव पायात आणि गुडघ्यात.

मग रुइलीचे नर्तक माव शियांग आले. त्यांनी मुखवटा आणि सांगाडा उतरवला, हात मोकळे केले. १९५७ मधे मॉस्कोला जागतिक युवक महोत्सव झाला तिथे त्यांनी आणि बाई वनफन नावाच्या नर्तकीने दोघांचा मोरनाच केला आणि त्याला रौप्य पदक मिळालं. पुढे दाव मेइलान या शीश्वांगबान्नाच्या दाई नर्तकी गाजल्या. १९८६ मधे यांग लीपिंग यांचा एकटीचा मोरनाच आला आणि जगाला तोच माहीत झाला, त्या स्वतः बाई नावाच्या वेगळ्या समाजातल्या, दाई नव्हेत. आज मुलं व्हिडिओत जे बघतात ते बहुतेक याच वळणाचं असतं. रुइलीचा मोरनाच २००६ मधे चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्याच यादीत आला.

म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे, मधे स्टेज आलंय. पण दोघांचा प्रकार स्टेजने शोधलेला नाही, तो गावात होताच. मी मुलांना शिकवतेय ती लाओशींच्या गावची बांधणी, मुखवट्याशिवाय, ढोलावर. मला वाटतं सांगाडा उतरवला तेव्हा हातांना स्वातंत्र्य मिळालं आणि नंतरच्या पिढ्यांनी हातच धरून ठेवले, पाय सुटला. वर्गात माझं सगळं भांडण तेवढ्यासाठी आहे.

आणि एक, मुलग्यांना जेव्हा सांगितलं की हा मुळात पुरुषांचा नाच, तेव्हा मागच्या रांगेतले चौघं पुढे आले. त्यांना इतके दिवस वाटत होतं आपल्याला मुलींचं काम दिलंय.

सरळसोट:
उत्तर पटलं. मुखवट्याचा फोटो असेल तर टाका.

ब्रह्मपुत्रेकाठी:
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची सांगलीची, नोकरीमुळे सध्या दिब्रुगढला. इथे तुमचे ताई लोक आमच्या शेजारी आहेत! आसामच्या इतिहासात सुकाफा हा ताई राजपुत्र १२२८ मधे आला आणि आहोम राज्य सुरू झालं, तो मोंग माओचा म्हणतात, म्हणजे तुमच्या रुइलीचाच भाग. आहोमांची भाषा पुढे असमिया झाली पण ताई फाके, ताई खामती यांची बोली अजून ताईच आहे. नाहरकटियाजवळ नामफाके गाव आहे, बौद्ध विहार, लाकडी घरं, बायकांचे तसेच नळीसारखे वेष.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे अरुणाचलात नामसाईला गेले होते, तिथे खामतींचा सांगकेन म्हणजे हाच पाण्याचा सण. तिथे किंगनारा नावाचा नाच बघितला, पंख लावून जोडीने केलेला. खामती भाषेत का म्हणजे नाच, म्हणून का किंगनारा. किंगनारा म्हणजे आपले किन्नर-किन्नरी, अर्धे माणूस अर्धे पक्षी. तुमच्याकडे नाचाला काय शब्द आहे?

चैत्रपालवी:
ब्रह्मपुत्रेकाठी, अंगावर काटा आला. देहोंगमधे नाचाला गा म्हणतात! ढोलाभोवती गोल करून सगळं गाव नाचतं त्याला गा ग्वांग, ग्वांग म्हणजे ढोल. तुमचं का आणि इथलं गा एकच दिसतंय.

किन्नरांचंही जुळतं. मोरनाचाशी इथे एक कथा जोडलेली आहे, राजपुत्र चाव शुतुन आणि मोरराजकन्या नानमुनुओना. सात बहिणी तळ्यावर आंघोळीला येतात, धाकटीचे पंख लपवले जातात, लग्न होतं, मग नवरा लढाईवर असताना तिला बळी द्यायचं ठरतं. ती म्हणते मरायच्या आधी एकदा माझे पंख द्या, मला नाचायचंय. पंख मिळतात, ती नाचते आणि नाचता नाचता उडून जाते. ही आपल्याच बौद्ध साहित्यातली सुधन आणि मनोहरा किन्नरीची गोष्ट. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात आहे, जावातल्या बोरोबुदुरच्या दगडांवर कोरलेली आहे, इकडे ताई मुलखात आली आणि किन्नरीची मोर झाली.

मुलांना गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं की ती नाचताना रडत होती का. मला उत्तर आलं नाही. लाओशी म्हणाल्या की नाही, ती मोजत होती, उडायला किती पावलं लागतील ते.

मोगरा_७७:
हे शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबले.

थैयाथै:
किन्नर म्हटलं की आता लोकांच्या डोक्यात वेगळाच अर्थ येतो म्हणून नव्या वाचकांसाठी, इथे अर्थ देवलोकातले पक्षीदेही गायक. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रात नीट बघा, भोवतालच्या गर्दीत वाद्य वाजवणारे किन्नर आहेत. आणि आपल्या काव्यात किन्नर येतात ते जोडीनेच, किन्नरमिथुन. जोडीच्या नाचाला याहून जवळचं दैवत कुठलं?

पाणथळ:
पक्षीवाला म्हणून थोडी भर. युन्नानचा मोर आपला निळा मोर नव्हे, तो हिरवा मोर. आपल्या मोराचा तुरा पंख्यासारखा पसरट असतो, हिरव्याचा सरळ उभा, भाल्याच्या टोकासारखा. त्यांचा तो टोकदार मुकुट मला त्या तुऱ्यासारखाच वाटतो, पण हा माझा अंदाज. तुमच्या कामाची गोष्ट अशी की निळ्या मोरात नर रंगीत आणि लांडोर भुरकट, हिरव्यात मात्र नर आणि मादी दोघंही बरेचसे सारखे दिसतात, नराला पिसारा लांब एवढंच. म्हणजे जोडीच्या नाचात दोघंही तितकेच देखणे. तुमच्या मुलगे-मुलींच्या वाटणीचा प्रश्न त्या पक्ष्यानेच सोडवलाय. चीनमधे हे हिरवे मोर आता काहीशेच उरलेत, जगभरातही संकटग्रस्त आहेत. २०२० मधे तुमच्या कुनमिंगच्याच कोर्टाने एका धरणाचं काम त्यांच्या अधिवासासाठी थांबवलं होतं. हेही मुलांना सांगा.

चैत्रपालवी:
पाणथळ, हे सोनं आहे. मी ११ आणि १७ चा हिशोब करत बसले होते. उद्यापासून जोड्या उंचीवर. मुलगी-मुलगी, मुलगा-मुलगा, जे जमेल ते.

शिगमो:
गोव्याहून. तुमची नजरेची अडचण वाचली. आमच्याकडे शिगम्यात गोफ असतो, वर मधोमध बांधलेल्या रंगीत दोऱ्या प्रत्येकाच्या हातात आणि नाचता नाचता त्यांची वेणी घालायची, मग उलटं नाचून सोडवायची. लहानपणी मला गोफात एक गोष्ट शिकवली, समोरच्याकडे बघू नकोस, दोरीकडे लक्ष दे. दोरी सैल पडली तर तू जवळ गेलास, ताठ झाली तर लांब गेलास. हातालाच कळतं दुसरा कुठे आहे. तुमच्या मुलांना नजर देऊ नका, आधी दोरी द्या. नजर मग आपोआप वर येते कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण ओढतंय हे बघावंसं वाटतं.

धुमाळी:
व्वा शिगमो. हे करून बघाच.

चैत्रपालवी:
तीन आठवड्यांनी लिहितेय, मधे वेळच मिळाला नाही. तुमच्या सगळ्यांच्या सल्ल्याने वर्ग पार उलटा केला.

पहिला आठवडा हात बंद. दोन्ही हात पाठीमागे, बोटात बोटं. हुलुसी बंद. मुलं जमिनीवर बसून मांडीवर ठेका, मग भिंतीला पाठ लावून उठबस, मग भिंत सोडून. कंटाळली खूप. दोघींनी घरी जाऊन सांगितलं की टीचर नाच शिकवतच नाहीत आणि एका आईचा मेसेज पण आला. मी त्यांना वर्गात येऊन बसायला सांगितलं. त्या बसल्या आणि वीस मिनिटांनी त्यांचा गुडघा हलायला लागला, त्यांच्याही नकळत. पुढे तक्रार नाही.

डावा पाय चोरणाऱ्या मुलाला खरोखर गुडघ्याखाली दुखत होतं, सूज होती. त्याला बसवून ढोल दिला. आता तो आमचा ढोलवाला आहे आणि त्याच्यासारखा ठेका वर्गात कुणाचा नाही. नाचायला परत यायचं का विचारलं तर म्हणाला नको, मी इथून सगळ्यांचे गुडघे बघतो. तो उठला म्हणून नाचणारे २७ उरले, पण एक मुलगी सारखी आजारी असते, त्यामुळे १३ जोड्या आणि ती आली की तिघांची एक, तिघांचा प्रकार आहेच परंपरेत.

दुसऱ्या आठवड्यात पावलं. उजवा पाय उजवा हात काही केल्या बसेना. शेवटी मी त्यांना डोक्यावर पाण्याचा हंडा आहे असं समजून चढावर चालायला सांगितलं, शाळेमागे टेकडी आहे, तिथेच नेलं. चढावर मुलं आपोआप त्याच बाजूचा हात मांडीवर टेकवतात, उजवा पाय वर पडला की उजवा हात उजव्या गुडघ्यावर. तिथून खाली येऊन वर्गात तेच केलं आणि बसलं. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, टेकडीवर सुचलं.

तिसऱ्या आठवड्यात शिगमोंची दोरी. दोरी हाताला काचते म्हणून कापड घेतलं. प्रत्येक जोडीला एक, दोन टोकं दोघांकडे, मधला भाग झोळीसारखा लोंबता. अट एवढीच की कापड ताठ होता कामा नये आणि जमिनीला लागता कामा नये. एक खाली बसला की दुसऱ्याला कळतंच, कारण झोळी हलते. पहिल्या दिवशी कापडं पायात अडकून दोघं पडले. चौथ्या दिवशी वर्गात असा शांतपणा होता की ढोलामागचा त्या मुलाचा श्वास ऐकू येत होता. कुणी हसत नव्हतं. कधी वर बघायला लागले ते मलाही कळलं नाही.

काल लाओशी आल्या. बघितलं, काही बोलल्या नाहीत, चपला काढल्या आणि एका एकट्या राहिलेल्या मुलीसमोर जाऊन कापडाचं दुसरं टोक धरलं.

थैयाथै:
चपला काढल्या म्हणजे पावती मिळाली.

फिजिओ_नाशिक:
त्या मुलाची सूज गेल्यावर मांडीचा पुढचा स्नायू ताणायचे व्यायाम सुरू करा, रोज दोन वेळा, कळ येईपर्यंत नाही. ढोल उभ्याने खांद्याला लावत असेल तर वजन दोन्ही पायांवर.

ब्रह्मपुत्रेकाठी:
इथल्या एका खामती मैत्रिणीला धागा वाचून दाखवला, भाषांतर करत करत. तिने विचारलंय की पंख वाळवायचा भाग तुमच्याकडे उभ्याने करतात की बसून.

चैत्रपालवी:
आमच्याकडे अर्धं बसून, एक गुडघा जवळजवळ जमिनीला टेकलेला, आणि पंख म्हणजे स्कर्टची किनार किंवा नुसते हात, मागून पुढे अगदी हळू. त्यांच्याकडे कसं ते नक्की विचारा, मला लाओशींना सांगायचंय.

चैत्रपालवी:
कार्यक्रम झाला. उशिरा लिहितेय, पाणी खेळून सर्दी झालीये.

कापडं आदल्या आठवड्यात काढून घेतली. मला भीती होती की परत सगळे आपापले नाचतील. पहिले दोन दिवस हात रिकामे झाल्यासारखे वागले, मधल्या अंतराचा अंदाज चुकला, पाठीला पाठ लावताना धडकले. मग लाओशींनी सांगितलं की कापड आहेच, फक्त दिसत नाही असं समजा आणि दोघांनी मिळून ठरवा त्याचा रंग कोणता. हे इतकं साधं वाक्य आणि मुलं जोडीजोडीने कोपऱ्यात जाऊन रंग ठरवायला लागली. मला अजून कुणीही रंग सांगितलेला नाही, जोडीचं गुपित आहे.

स्टेजवर दोन जोड्या चुकल्या. एका जोडीने पाणी प्यायचा भाग आंघोळीच्या नंतर केला, म्हणजे मोर आधी न्हाला आणि मग प्यायला. पण चुकली तीही दोघं मिळून, एका लयीत, त्यामुळे प्रेक्षकांना कळलं नाही आणि मला आनंदच झाला. गुडघे शेवटपर्यंत जिवंत होते. हात अजून कच्चे आहेत, बोटं काहींची ताठ राहतात, ते पुढच्या वर्षी.

कार्यक्रमानंतर मैदानात पाणी उडवणं सुरू झालं आणि ढोलवाल्या मुलाने गा ग्वांगचा ठेका धरला, मग मुलं, आया, बाप, शाळेचे स्वयंपाकी, सगळे ओल्या कपड्यांत ढोलाभोवती गोल. देहोंगमधल्या मांगशीकडच्या एक आजी होत्या, नातीला बघायला आलेल्या, त्या सगळ्यात पुढे. त्यांचा हात फारसा उचललाच जात नव्हता. पण गुडघे बघायला तुम्ही सगळे हवे होतात.

सरळसोट:
अभिनंदन. धागा पहिल्यापासून परत वाचला.

धुमाळी:
ढोलाचं रेकॉर्डिंग असेल तर पाठवाल का? पखवाजावर बसतंय का बघतो. आणि भाताचा गोळा किती मोठा ते पण सांगा.

चैत्रपालवी:
पाठवते सोमवारी, त्या मुलाला विचारून. गोळा मोठ्या लाडवाएवढा घेऊन चपटा करतात, पण एकदम नाही, थोडा थोडा लावत ऐकत जायचं.

झुळूक_वाई:
मी वाईला सातवीच्या मुलींना फुगडी आणि झिम्मा शिकवते. कापडाची युक्ती झिम्म्याच्या जोड्यांना वापरून बघायची आहे. कापड कोणतं घेतलंत, किती लांब?

चैत्रपालवी:
जुन्या सुती ओढण्या, साधारण दीड मीटर. सिल्क किंवा सिंथेटिक नको, निसटतं आणि वजन कळत नाही. आणि टोकाला गाठ मारू नका, गाठ असली की मुलं तिला लटकतात, नुसतं टोक असलं की जपून धरतात.